कप खाली ठेवतात ती जागा

पियानोबाईंचा फोन गेल्या थंडीपासून लागत नाही. मी अधूनमधून लावते. पलीकडून एक बाई रशियनमध्ये काहीतरी सांगते. ती यंत्रातली बाई आहे हे कळायला मला थोडे दिवस लागले. तोवर मी तिलाच विचारत होते, "मॅडम घर पे है क्या?" आणि ती आपलं तेच तेच सांगत होती. नात म्हणाली, "आजी, इट्स अ रेकॉर्डिंग." म्हटलं, असू दे. त्यांच्या भाषेचा आवाज तरी कानावर पडतो.

बहारीनला सनद भागात आम्ही राहतो, त्या बिल्डिंगमध्ये त्या आमच्या डोक्यावर राहायच्या. आम्ही म्हणजे मी, आमचे हे, मुलगा, सून आणि नात. मुलगा अस्करला ॲल्युमिनियमच्या कारखान्यात इंजिनिअर, हे मीना सलमान बंदरावर एका वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये. नट-बोल्ट मोजण्यात यांचं आयुष्य गेलं. माझं शिक्षण म्हणाल तर चिपळूणच्या बाजूच्या शाळेत सातवीपर्यंत, पुढचं सगळं वाणसामानाच्या पुड्यांचे कागद वाचून. पेटीही अशीच शिकले, रेडिओ ऐकून. इथे दर गुरुवारी आमच्याकडे बायकांचं भजन असतं, तिथे पेटी मी वाजवते. वाजवते म्हणजे रेटते. हे सांगते आहे कारण पुढे लागणार आहे.

बाईंची नि माझी ओळख मिक्सरवरून झाली. त्यांना राहायला येऊन आठवडाही झाला नव्हता. मी सकाळी चटणी वाटत होते आणि बेल वाजली. दारात एक उंच गोरी बाई. पांढरे केस पुरुषासारखे बारीक कापलेले, अंगात पायघोळ काळा झगा आणि बाहेर जीव घेणारं ऊन असताना हातांत लोकरीचे हातमोजे.

"तुझं मशीन आजारी आहे," त्या म्हणाल्या.

आमचं बोलणं म्हणजे थोडं हिंदी, थोडं इंग्रजी आणि उरलेलं हातवारे. हिंदी त्या टॅक्सीवाल्यांकडून शिकल्या होत्या, त्यामुळे त्यांच्या हिंदीत आदर नव्हता, फक्त डावीकडे-उजवीकडे होतं. मी ते सगळं इथे आपल्या मराठीतच लिहिते.

मला वाटलं भांडायला आल्या. म्हटलं, "आवाज होतो का? सॉरी हं."

"आवाजाचं काही नाही. काल त्याचा सूर वर होता. आज खाली आलाय. मरणार आहे."

आणि जिना चढून निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी मिक्सर धूर सोडून बंद पडला. हे म्हणाले, "बाई चेटकीण दिसते. तिला विचार माझा पंप किती दिवस चालेल." पंप म्हणजे यांचं हृदय. त्यांची बायपास झालेली आहे.

मी खरंच विचारलं. बाईंनी यांच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हा माणूस जिना चढताना शिट्टी वाजवतो. शिट्टी सुरात असेपर्यंत काळजी करू नकोस." तेव्हापासून हे जिन्यात मुद्दाम शिट्टी मारायला लागले.

बाई एका मोठ्या हॉटेलच्या लॉबीत पियानो वाजवायच्या. दुपारच्या चहापासून रात्रीच्या जेवणापर्यंत. हातांना इतक्या जपायच्या की कुणाशी हात मिळवत नसत, कोपर पुढे करत. भाजीची पिशवी उचलत नसत. मी उचलायची. चहात मुरांबा घालून पीत आणि माझ्या फोडणीच्या वासाने नाक मुरडत, पण पानात वाढलं की सगळं चाटूनपुसून खात, तेही उभ्याने. बसा म्हटलं तर म्हणत, "बसायचे पैसे मला हॉटेल देतं." मला त्या 'सस्येदका' म्हणायच्या. त्यांच्या भाषेत शेजारीण. माझं नाव त्यांनी कधी विचारलं नाही. मीही त्यांना बाईच म्हणत राहिले.

आता बुवांचं सांगते. बुवा हे नाव यांनी ठेवलेलं. तो खूप मोठा संगीतकार होता, जगभर त्याचं संगीत वाजतं म्हणे. खरं नाव मी लिहीत नाही, कारण मी ते उच्चारलं की बाई कान झाकून घ्यायच्या. तो दुसऱ्याच एका थंड देशात राहायचा, पण तो देश आणि बाईंचा देश पूर्वी एका छपराखाली होते, म्हणून त्याला रशियन येत होतं. बाई शिकत होत्या तेव्हा त्याचं एक छापील संगीत त्यांच्या हातात पडलं. त्यात एक सूर त्यांना खटकला. विशीतली पोर, पण तिने सरळ पत्र लिहिलं: इथे छापणारा चुकला आहे की तुम्हाला वेड लागलं आहे? उत्तर आलं: दोन्ही. आणि खाली चार ओळी नवं संगीत, हे वाजवून बघ आणि कुठे खटकतं ते कळव.

तिथून जे सुरू झालं ते बाईंचे केस पांढरे होईपर्यंत चाललं. लग्न झालं, मोडलं, देश मोडला, नोकरी करत करत बाई बहारीनला पोचल्या. पत्रं चालूच. दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नाही. फोटोसुद्धा नाही. फोन नाही, ईमेल नाही. मी एकदा म्हटलं, "बाई, व्हॉट्सॲप घ्या, नात शिकवेल." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा विषय काढला नाही.

बुवा नवीन काही लिहिलं की आधी बाईंना पाठवायचे. बाई काय करायच्या, लॉबीत नेहमीची गोड गोड गाणी वाजवता वाजवता मध्येच ते नवीन संगीत घालून द्यायच्या. कुणाला पत्ता नसायचा. माणसं धंद्याचं बोलतायत, पोरं केक सांडतायत, वेटर पळतायत, आणि जगात कुणीच न ऐकलेलं संगीत तिथे पहिल्यांदा वाजतंय. बाई वाजवता वाजवता माणसांकडे बघायच्या. कुठल्या जागी कुणी बोलता बोलता थांबलं, कुठे कुणी कप तोंडाशी नेता नेता तसाच खाली ठेवला. घरी येऊन बुवांना तेवढंच कळवायच्या. छान आहे, सुंदर आहे, असलं काही नाही. फक्त कप कुठे खाली ठेवला ते.

"ती जागा जिवंत असते," त्या म्हणायच्या. "बाकी सगळं फर्निचर."

मुलाच्या साहेबांच्या पार्टीला एकदा आम्ही त्या हॉटेलात गेलो होतो. बाई पाठमोऱ्या बसलेल्या, वाजवत होत्या. यांनी जाऊन हळूच विचारलं, "मॅडम, बुवांचं चालू आहे का?"

"नाही. हे गुळाचं पाणी आहे. बुवांचं नऊनंतर. तेव्हा पोट भरलेले लोक निघून जातात."

पत्रं आधी हॉटेलच्या पत्त्यावर यायची. इथे पोस्टमन घरोघरी फिरत नाही, टपाल कंपनीच्या पोस्टबॉक्समध्ये येतं, आणि ज्याच्या कंपनीचा बॉक्स त्याच्यावर बाकीच्यांचं नशीब. बुवांचं एक पत्र अख्खा रमजान कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये पिझ्झाच्या जाहिरातींखाली पडून राहिलं. बाई त्या दिवशी आमच्याकडे आल्या आणि पहिल्यांदा खुर्चीवर बसल्या. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "तो महिनाभर उत्तराची वाट बघत होता आणि मी इथे गुळाचं पाणी वाजवत होते."

हे म्हणाले, "मॅडम, आमच्या वर्कशॉपचा बॉक्स घ्या. किल्ली माझ्याकडेच असते. अरबाब, म्हणजे आमचा मालक, काही बोलायचा नाही."

तेव्हापासून बुवांची पत्रं मीना सलमानहून आमच्या घरी येऊ लागली. पहिलं पत्र यांनी आणलं त्यावर ग्रीसचा अंगठा उमटला होता. बाईंनी ते पाकीट उजेडाकडे धरलं आणि म्हणाल्या, "मिस्टर पोस्ट, हा सूर त्यानं लिहिलेला नाही." पुढच्या वेळेपासून हे पत्र डब्यातल्या पोळीच्या पिशवीत घालून आणायचे. मग बाई म्हणायच्या, बुवांच्या संगीताला लोणच्याचा वास येतो. बुवांना त्यांनी तेही कळवलं. बुवांचं उत्तर आलं, लोणचं कुठल्या फळाचं? मी कैरीचं म्हणून सांगितलं. एवढ्या मोठ्या माणसाच्या डोक्यात माझी कैरी गेली, याचं मला अजून नवल वाटतं.

एकदा बुवा आखातात आले होते. शेजारच्या देशात त्यांच्या संगीताचा मोठा कार्यक्रम होता आणि त्यांनी बाईंना पत्र पाठवलं, या खेपेला येच, म्हातारा झालोय. विमानाने तासाभराचा रस्ता. बाईंनी नवे बूट घेतले. मी माझी रेशमी शाल इस्त्री करून त्यांच्या खांद्यावर घातली. हे त्यांना विमानतळावर सोडायला निघाले, मीही बरोबर. मुहर्रकच्या पुलावर पोचलो आणि बाई म्हणाल्या, "गाडी वळव."

"काय राहिलं का, मॅडम?"

"वळव. यल्ला, चल."

हे वळले. घरी पोचल्यावर बाईंनी जिन्यात शाल काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "पत्रातला माणूस पत्रात बरा." मी म्हटलं असेल बाई, मोठ्या माणसांचं काही सांगता येत नाही. यांना मात्र पटलं नव्हतं. रात्री जेवताना म्हणाले, "बूट कुणी पत्रासाठी घेत नाही."

खरं कारण पुढे वर्षभराने कळलं, आणि तेही माझ्या लसणीमुळे. बाई माझ्या ओट्याशी उभ्या होत्या. मी लसूण सोलत होते. सहज म्हणून चार पाकळ्या त्यांच्यापुढे सरकवल्या आणि लगेच जीभ चावली, कारण बाईंच्या हाताला काम लावायचं नसतं. पण त्या दिवशी त्यांनी पाकळी उचलली. डाव्या हातात धरली आणि ती पडली. पुन्हा धरली, पुन्हा पडली. मग त्यांनी डावा हात माझ्यापुढे ओट्यावर ठेवला. शेवटची दोन बोटं आपोआप आत वळत गेली, तळव्यात जाऊन बसली, जशी गोगलगाय आत जाते तशी. त्यांनी उजव्या हाताने ती उलगडली. सोडल्यावर पुन्हा आत.

"दुखतं का?" मी विचारलं.

"नाही. दुखलं असतं तर बरं होतं. ती आता माझी नाहीत."

डॉक्टरांनी सांगितलं होतं, आयुष्यभर वाजवणाऱ्यांना होतं कधीकधी, मेंदूच बोटांना ओळखेनासा होतो. लॉबीत त्या खालचे सूर गाळून वाजवत होत्या आणि कुणाच्या लक्षात येत नव्हतं. त्या म्हणाल्या, तेच सगळ्यात वाईट. बुवांना भेटायला गेले असते तर बुवा म्हणाले असते, वाजव. म्हणून पुलावरून परत.

"मग बुवांना कळवलं नाहीत?"

"नाही. नंतरचे दोन तुकडे मी डोळ्यांनी वाचले आणि वाजवले म्हणून लिहिलं. कप कुठे खाली ठेवला तेही लिहिलं. सगळं खोटं."

मी लसूण सोलत राहिले.

"त्याला हाताचं कळलं की तो माझी विचारपूस करेल," बाई म्हणाल्या. "गोळ्या घे म्हणेल. मग आजारी बाईला लिहितात तशी पत्रं येतील. मला ती नकोत, सस्येदका. मला सूर यायला हवेत."

त्यानंतर थोड्याच दिवसांत हॉटेलने बाईंना काढलं. हाताचं कुणाला कळलं म्हणून नव्हे. त्यांनी आपोआप वाजणारा पियानो आणला. बटण दाबलं की पट्ट्या एकट्याच खाली-वर होतात. पोरं भोवती जमून फोटो काढतात. बाई तो मुद्दाम बघायला गेल्या, गिऱ्हाईक म्हणून बसल्या, चहा मागवला. येऊन मला म्हणाल्या, "भूत चांगलं वाजवतं. कधी चुकत नाही. पूर्ण संध्याकाळ एकानेही कप खाली ठेवला नाही."

नोकरी गेली की व्हिसा जातो, हे इथे लहान पोरालाही ठाऊक आहे. बाईंना महिना-दीड महिन्याची मुदत मिळाली. जायचं कुठे, तर गावाकडे, बहिणीकडे. आणि लढाई सुरू झाल्यापासून बुवांच्या देशातून त्यांच्या देशात टपाल जाणं बंद होतं. इतकी वर्षं जे चाललं ते एका शिक्क्याने संपणार होतं. हे म्हणाले, "मॅडम, बुवांनी माझ्या बॉक्सवर पाठवायचं, मी पाकीट बदलून तुमच्याकडे पाठवीन. इथून जातं तिकडे. मफी मुश्किल, काही अडचण नाही." बाईंनी पहिल्यांदा आणि शेवटच्यांदा यांच्याशी हात मिळवला. उजवा.

त्याच आठवड्यात बुवांचं पत्र आलं. बाईंनी ते माझ्या स्वयंपाकघरातच उघडलं आणि वाचता वाचता ओट्याला टेकल्या. बुवांचे कान गेले होते. हा शेवटचा तुकडा, असं त्यांनी लिहिलं होतं. डोक्यात ऐकू येतो पण जिवंत आहे की मी म्हातारपणी बडबडतोय, ते तूच सांग. तू जिवंत म्हणालीस तर छापायला देईन, नाहीतर शेगडीत घालेन.

मी म्हटलं, "बाई, लिहून टाका जिवंत म्हणून. दोनदा लिहिलंत तसं."

"दोनदा खोटं लिहिलं तेव्हा त्याच्यापुढे अजून तुकडे होते," त्या म्हणाल्या. "शेवटच्याला खोटं लिहू?"

मग म्हणाल्या, "तुझी ती पेटी आण."

शुक्रवार होता, दुपारची वेळ. मुलगा शिफ्टला, सून आणि नात बाहेर. हे खुर्चीत चहा पीत पेपर वाचत बसलेले. मी सतरंजी घातली, पेटी ठेवली. बाई आयुष्यात पहिल्यांदा जमिनीवर बसल्या असाव्यात, गुडघे कुठे ठेवायचे ते त्यांना कळेना. मी डाव्या अंगाला, डावा हात भात्यावर, उजवा खालच्या पट्ट्यांवर. बाई मला चिकटून उजवीकडे, त्यांचा उजवा हात वरच्या पट्ट्यांवर. त्यांचा डावा हात मांडीवर मेल्यासारखा पडलेला.

पण मला काय येतंय त्यांचं संगीत. बाईंनी इकडेतिकडे बघितलं, माझ्या आरशावरची टिकल्यांची पाकिटं काढून आणली आणि माझ्या वाटच्या पट्ट्यांवर टिकल्या लावल्या. लाल, हिरवी, मरून, काळी. "मी लाल म्हणेन तेव्हा लाल. काळी म्हणेन तेव्हा काळी. बाकी विचार करू नकोस."

"एसी बंद कर," त्यांनी यांना सांगितलं. "तो मध्ये बोलतो."

पहिल्या वेळी सगळं विस्कटलं. मी भजनातली, भाता मारायचा म्हणजे जोरात मारायचा, सूर भरभरून निघाला पाहिजे. बाईंनी माझं मनगट धरलं. "याच्या संगीतात सूर मरतो. पियानोचा सूर वाजल्याबरोबर मरायला लागतो. तू त्याला मरू देत नाहीस. पुन्हा पुन्हा हवा घालतेस. नको घालू. सोडून दे."

"भाता सोडला तर बंद पडेल हो."

"पडू दे. पण हळू."

आम्ही पुन्हा सुरू केलं. किती वेळा ते आठवत नाही. घाम डोळ्यांत उतरत होता, सतरंजी ओली झाली होती. लाल. लाल. हिरवी. थांब. काळी. मग कधीतरी माझ्या हाताला कळलं. काळी टिकली दाबायची, भाता सोडायचा, आणि आतली हवा संपेपर्यंत तो खर्ज बारीक होत जायचा, बाईंचा वरचा एक सूर त्याच्याबरोबर बारीक होत जायचा, आणि दोघांपैकी आधी कोण संपलं ते कळायचंच नाही. मला त्या संगीतातलं काही समजत नाही. पण माझी आई गेली तेव्हा मी तिच्या नाकाशी हात धरून बसले होते. तसं वाटलं.

मागे बशीचा आवाज झाला. यांनी कप खाली ठेवला होता. भरलेला.

बाईंनी मान वळवून यांच्याकडे बघितलं. "तिथे," त्या म्हणाल्या. एवढंच.

मग माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून त्यांनी पत्र लिहिलं आणि काय लिहिलं ते मला सांगितलं. की माझा डावा हात गेला आहे. की मागच्या दोन पत्रांत मी खोटं लिहिलं. की हा तुकडा मी पियानोवर नव्हे, हिंदुस्थानी पेटीवर, जमिनीवर बसून, शेजारणीचा हात उसना घेऊन वाजवला आहे. की पंप दुरुस्त केलेल्या एका म्हाताऱ्याने अमुक जागी कप खाली ठेवला. जिवंत आहे. छापायला दे. आणि खाली यांचा पोस्टबॉक्स.

यांनी ते स्वतः मोठ्या पोस्टात नेऊन टाकलं.

मग वाट बघणं सुरू झालं. हे रोज बॉक्स उघडायचे. पूर्वी जिन्यात शिट्टी यायची, आता बाई वरच्या दारात उभ्या आहेत हे ठाऊक असल्यामुळे हे चोरासारखे चढायचे. आल्यावर नुसती मान हलवायचे. बाईंनी सामान विकलं, त्यांच्या दारात येणाऱ्या मांजरांना खायला घालायचं काम वॉचमनला दिलं. दिवस संपले. उत्तर आलं नाही.

विमानतळावर मी म्हटलं, "बाई, पत्र वाटेत असेल. आलं की लगेच पाठवतो."

"नाही येणार," त्या म्हणाल्या. "त्याने बरोबर केलं. मी त्याच्या दोन तुकड्यांना फसवलं. मी असते तर मीही लिहिलं नसतं."

"म्हातारा माणूस आहे, आजारी असेल."

"आजारी असला तरी तो लिहितो. तू त्याला ओळखत नाहीस."

कोपर पुढे केलं. मी ते दोन्ही हातांनी धरलं. ती लोकरीचे हातमोजे घातलेली बाई आत गेली आणि मागे वळून बघितलं नाही.

दीडेक महिन्याने त्यांचा फोन आला. बहिणीकडच्या रेडिओवर बातमी ऐकली होती, बुवा गेले म्हणून. रडणं वगैरे नाही. सरळ विचारलं, "माझं पत्र आधी पोचलं की तो आधी गेला?"

मला काय ठाऊक. नातीने मोबाइलवर शोधलं, बुवा गेल्याची तारीख सापडली. पण पत्र कधी पोचलं ते मोबाइलला कसं कळणार. बाई दर आठवड्याला फोन करायच्या. काही आलं का? नाही, बाई. बरं. आणि ठेवून द्यायच्या. पत्र वाचून बुवा गप्प बसले, की पत्र पोचायच्या आधीच गेले, यावर त्या माउलीचा जीव टांगलेला होता, आणि आमच्या हातात फक्त एका बॉक्सची किल्ली.

शेवटी ते पाकीट परत आलं. यांनी पोळीच्या पिशवीतूनच आणलं, सवयीने. वर शिक्के, एक परकी ओळ पेनाने लिहिलेली. नातीने वाचून सांगितलं, "आजी, ॲड्रेसी डिसीज्ड. नोबडी ओपन्ड इट." मी उलटसुलट करून बघितलं. बाईंनी लावलेला डिंक तसाच होता.

मीच फोन लावला. "बाई, पत्र परत आलं. उघडलेलं नाही."

बाईंनी ते मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "म्हणजे त्याच्या लेखी मी अजून वाजवते आहे."

"हो, बाई."

"माझा हात चांगला आहे."

"हो."

"आणि त्याला कळलंच नाही की तुझ्या नवऱ्याने कप खाली ठेवला." हे बोलताना पहिल्यांदा त्यांचा आवाज खाली आला, त्या मिक्सरसारखा. "त्याने तो तुकडा शेगडीत घातला असेल, सस्येदका. माझ्या शब्दाची वाट बघून बघून घातला असेल."

मी म्हटलं, "तुमच्याकडे आहे ना तो."

"आहे. आणि एकच हात आहे."

मला राहवेना. म्हटलं, थांबा. फोन स्पीकरवर ठेवला, पेटी ओढली. टिकल्या मी काढलेल्या नाहीत. गुरुवारी बायका हसतात, पेटीला नवरी केली म्हणतात. बहिणीकडे एक जुना पियानो होता, बाई त्यापाशी जाऊन बसल्या. मी लाल दाबली. त्यांनी वरचा सूर लावला. पण फोनवर आवाज उशिरा पोचतो हो. माझा खर्ज तिथे जाईपर्यंत त्यांचा सूर पुढे गेलेला, त्यांचा इथे येईपर्यंत माझा मेलेला. दोनदा, तीनदा करून बघितलं. दोन माणसं दोन खोल्यांत वेगवेगळी वाजवतायत असं झालं.

"खलास," बाई म्हणाल्या.

मी भाता बंद करायला गेले तर म्हणाल्या, "तू थांबू नकोस. तुझं तेवढं वाजव."

माझं म्हणजे काय, नुसते खालचे सूर. लाल, लाल, हिरवी. मध्ये मोठी मोठी रिकामी जागा, जिथे बाईंचा हात असायचा. ती मी तशीच रिकामी सोडली. एसी बंद नव्हता, तो मध्ये बोलत होता. मग काळी. भाता सोडला आणि आतली हवा संपेपर्यंत बसून राहिले.

फोनमधून चिनीमातीचा बारीक आवाज आला, कप बशीत ठेवल्याचा.